गव्हाणीतलं गवत

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

इथे येऊन पंधरवडा झाला. सदाशिव पेठेतली आमची इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डर म्हणतो दोन वर्षं, म्हणजे चार धरायची. भाड्याच्या घरात एकटीने भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा खडकीच्या या मुलींच्या वसतिगृहात साहाय्यक वॉर्डनची जागा घेतली. राहणं-खाणं इथेच. उभा जन्म शाळेत मुलींवर ओरडण्यात गेला, त्यामुळे अनुभव आहे का, असं कोणी विचारलं नाही.

वसतिगृह सिस्टर लोकांचं, मुली विद्यापीठात शिकणाऱ्या. निम्म्या ख्रिस्ती, निम्म्या आपल्यातल्या. 'आपल्यातल्या' हे वहीत ठीक आहे, सिस्टर बेनिग्नांसमोर जीभ चावते. त्या इथल्या मुख्य, श्रीरामपूरकडच्या. बोलताना मधूनच गावाकडचं 'हाय' निसटतं आणि मला त्या एकदम जवळच्या वाटायला लागतात.

खरं सांगायचं तर मला इथे धड झोप नाही. श्रीधर गेले त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून 'जेवलीस का' असं मला कोणी विचारलेलं नाही आणि इथे ते मी सगळ्या मुलींना विचारायचं. रात्री मेसमध्ये पंक्तीतून फिरते, वाढते, दटावते आणि खोलीत येऊन कपभर दूध घेते. एकटीला घास उतरत नाही. चालायचंच.

रविवार, ३० नोव्हेंबर

आजपासून यांचा आगमनकाळ. नाताळच्या आधीचे चार रविवार. हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या खोचतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, आणि दर रविवारी एक पेटवायची. आज पहिली जांभळी लागली. मुली छान गायल्या. मराठी गाणी होती, पेटी होती. डोळे मिटले तर भजनच.

मला आवडली ती गव्हाणीची रीत. हॉलमध्ये लाकडी गव्हाणी मांडलीय, रिकामी. शेजारी टोपलीत वाळलेलं गवत. ज्या दिवशी जी मुलगी एखादा त्याग करील, आवडीची वस्तू सोडील, कोणासाठी काही करील, तिने गवताची एक काडी गव्हाणीत टाकायची. नाताळपर्यंत बाळ येशूसाठी मऊ अंथरूण तयार व्हायला हवं. सुट्टीवर निघायच्या आधीच्या नाताळ-जेवणासाठी मुली एकमताने एकीला निवडतात आणि ती मुलगी बाळाची मूर्ती गव्हाणीत ठेवते. धर्म कुठलाही चालतो. सिस्टर म्हणाल्या, "बाळाला काय कळतंय जात?"

गव्हाणीची देखरेख माझ्याकडे दिलीय. इथे आल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी माझं वाटलं.

आज पहिली काडी टाकली उत्कर्षाने. दुसऱ्या वर्षाची, वाघोलीची. वाघोली पुण्यातच, पण नगर रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये तिचं निम्मं आयुष्य गेलं असतं म्हणून वडिलांनी इथे ठेवलीय. शेतकऱ्याची पोर, जमिनीवर आता टॉवर उभे आहेत. शांत, नीटनेटकी, केस चापून बांधलेले. मला म्हणाली, "मॅडम, मी गोड सोडलं." आमच्या वेळची मुलगी वाटते.

गुरुवार, ४ डिसेंबर

मार्गशीर्षातला गुरुवार. माझा उपास. मेसच्या कोपऱ्यात केळं सोलत होते तर उत्कर्षा समोर येऊन बसली. "माझाही गुरुवार आहे, मॅडम." आई करते म्हणून तीही करते म्हणे. केळं पुढे केलं तर "निरंकार आहे" म्हणाली. एकोणीस वर्षांची मुलगी, निरंकार! हल्लीच्या मुलींना उपास म्हणजे साबुदाणा वडे. मला तिचं कौतुक वाटलं आणि ते मी बोलून दाखवलं. ती हसली. दिवसभर मला बरं वाटत होतं.

संध्याकाळी तिने काडी टाकली. गोड, मग चहा, मग रात्रीची पोळी. रोज काही ना काही सोडते.

तिच्या खोलीतली चैताली साळवे मात्र तोंड वाकडं करते. ही ख्रिस्ती, सिस्टरांच्याच गावाकडची, जिभेला हाड नाही. म्हणाली, "मॅडम, त्याग म्हणजे आपलं दुसऱ्याला देणं. हिनं पोळी सोडली ती कुणाच्या ताटात गेली?" मी म्हटलं, तू आधी सकाळच्या प्रार्थनेला वेळेवर ये, मग प्रवचन कर. हेवा वाटतो पोरींना एकमेकींचा.

सोमवार, ८ डिसेंबर

दुसऱ्या मजल्याच्या मोरीत पुन्हा केसांचे गुंतवळ. प्लंबर आला, मूठभर काढून दाखवले. मी दारावर पाटी लावली: 'केस आपले, मोरी सर्वांची. गळतात तर गोळा करा.' मुलींनी पाटीचे फोटो काढले. काढा म्हटलं.

उत्कर्षा भर दुपारी गच्चीत स्वेटर घालून उन्हात बसलेली असते. एवढी थंडी नाहीये. अभ्यास चांगला चाललाय, सारखं पुस्तक उघडं असतं. मेसमध्ये मात्र इतर मुलींच्या ताटात आग्रहाने वाढते, भाजी ढकलते, 'अजून घे ना' म्हणते. अन्नपूर्णाच.

गव्हाणी भरत आलीय आणि सगळ्यांना माहीत आहे की त्यातलं बरंचसं गवत तिचं.

रविवार, १४ डिसेंबर

आज गुलाबी मेणबत्ती. हा म्हणे आनंदाचा रविवार. प्रार्थनेनंतर सिस्टरांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मला बोलायची सवय आहे, गप्प बसायची नाही.

मी उत्कर्षाला उभं केलं. म्हटलं, बघा हिच्याकडे. ही ख्रिस्ती नाही, पण तुमची रीत तुमच्यापेक्षा मनापासून पाळते. जिभेवर ताबा म्हणजे काय ते हिच्याकडून शिका. टाळ्या पडल्या. बाळ ठेवायला कोणाला निवडायचं, असं सिस्टरांनी विचारलं तर सगळ्यांनी तिचंच नाव घेतलं. तिचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. डोळे केवढे मोठे दिसतात तिचे हल्ली.

चैताली टाळ्या न वाजवता उठून गेली.

सोमवार, १५ डिसेंबर



सकाळी चैताली खोलीत आली, दार लावलं आणि म्हणाली, "मॅडम, आता तुम्ही मला काय बोलायचं ते बोला. ती त्याग करत नाहीये. ती जेवतच नाहीये. मोरीतले केस तिचे आहेत. आंघोळ करून आली की तिच्या पाठीचे मणके मोजता येतात. आम्ही तिला बोलायचो तर ती गप्प तरी व्हायची. काल तुम्ही तिला स्टेजवर उभं केलंत. आता ती आमचं काय ऐकणार?"

मी म्हटलं, अगं, पण उपास असतात तिचे.

"मॅडम, रोज?"

मी खुर्चीत बसले. स्वेटर. मोरी. दुसऱ्यांच्या ताटात ढकललेली भाजी. सगळं मी पाहिलं होतं, वहीतसुद्धा लिहिलंय. मागची पानं वाचली आणि वही भिंतीवर मारावीशी वाटली.

दुपारी उत्कर्षाला बोलावलं. तिचा हात हातात घेतला. बाहीतून नुसतं हाड लागलं. मी विचारलं, बाळ, काय खाल्लंस आज? "मॅडम, आय ॲम फाइन. परीक्षा झाली की खाईन ना." इतक्या गोड आवाजात म्हणाली की क्षणभर मला खरंच वाटलं. इतकी वर्षं मुलींच्या खोट्या सबबी ओळखून पोट भरलं मी आणि हिची सबब मला गोड लागली.

बुधवार, १७ डिसेंबर

काल मऊ भात केला, मेतकूट-तूप घालून, स्वतः. तिच्यासमोर बसले. तिने खाल्ला. हळूहळू, पण खाल्ला. मी देवाला हात जोडले. आज सकाळी चैतालीने खिडकीखालचा चाफा दाखवला. बुंध्याशी ओकलेला भात, मुंग्या लागलेल्या.

वसतिगृहाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी न तपासताच शक्तीचं औषध लिहून दिलं. म्हणाले, "मुली डाएट करतात हो." मोठ्या इस्पितळात चल म्हटलं तर हिने जिन्याचा कठडा धरून ठेवला. सज्ञान मुलगी, उचलून तर नेता येत नाही.

मग मी चिडले. नको तेवढी चिडले. म्हटलं, मरायचंय का तुला? आम्ही सगळ्या जेवतो, तुलाच काय होतं जेवायला?

ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही कुठं जेवता, मॅडम? रात्री पंक्तीतून फिरता, सगळ्यांना वाढता. तुम्हाला बसलेलं कोणी बघितलं नाही. तुम्हाला कुणी इस्पितळात नेतंय का?"



रात्री पंक्तीत तिच्या शेजारी ताट घेऊन बसले. म्हटलं, एक घास तू, एक मी. माझा घास घशात अडकला. खोटं लिहीत नाही, मला खरंच गिळता येईना. ती बघत होती. मी पाणी पिऊन गिळला. तिने वरणात बोट बुडवून चाटलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बाकीच्या मुली ताटात बघत बसल्या.

गुरुवार, १८ डिसेंबर

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. मोडला. सकाळीच सगळ्यांसमोर पोहे खाल्ले. देवीला म्हटलं, तुझं-माझं नंतर बघू.

उत्कर्षाच्या वडिलांना, मच्छिंद्ररावांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, बारीक झाली ते बरंच झालं की. लहानपणी लई जाड होती, आख्खं गाव चिडवायचं. आता पाहुणे येणारेत बघायला." मी म्हटलं, अहो, ती आजारी आहे. "सुट्टीत घरी आली की खाईल तूप-भाकरी. तुम्ही काळजी करू नका. तुमच्याकडं पाठवल्याचं चीज झालं."

चीज झालं म्हणे.

सिस्टर बेनिग्नांकडे गेले. म्हटलं, तिला बाळ ठेवू देऊ नका, तिच्या उपाशी पोटाला बक्षीस मिळतंय. त्या म्हणाल्या, "आणि काढून घेतलं तर? तिच्याकडं दुसरं हाय काय धरायला?" मी म्हटलं, तुमची रीतच मुळात... आणि थांबले. त्या म्हणाल्या, "बोला. आमची रीत आणि तुमचे गुरुवार. दोघींनी मिळून केलंय हे, सरोजिनीबाई." मग त्या रडल्या. मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले. दोन म्हाताऱ्या रडून एका मुलीचं पोट भरत नाही.

शनिवार, २० डिसेंबर

आज नाताळचं जेवण होतं. इथली पद्धत अशी की त्या दिवशी मुली बसतात आणि सिस्टर, वॉर्डन, मेसमधल्या बायका वाढतात. सिस्टर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मुलींनो, चूक माझी झाली. उपाशी राहून टाकलेली काडी बाळाला टोचते. आजपासून जी पोटभर जेवील आणि शेजारणीला जेवू घालील, तिनंच गवत टाकायचं. बाळ आज सगळ्यांनी मिळून ठेवायचं."

चांगलं बोलल्या. मनापासून बोलल्या. पण मी उत्कर्षाकडे बघत होते. कोणीतरी अंगावरचं पांघरूण ओढून घ्यावं तसा तिचा चेहरा झाला. ती उठली, दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यात कोसळली.

आवाजसुद्धा झाला नाही. तेच मला सहन होत नाहीये.

रुग्णवाहिका बोलवायला फोन उचलला तेवढ्यात मच्छिंद्रराव गाडी घेऊन आले, सुट्टीसाठी तिला न्यायला. ती शुद्धीवर आली होती, साखरपाणी ओठांना लावून बाजूला सारत होती. मी त्यांच्या पुढ्यात उभी राहिले. म्हटलं, गाडी सरळ इस्पितळात न्या. "चक्कर आली वो. पोरी परीक्षेचं टेन्शन घेतात." उत्कर्षा म्हणाली, "बाबा, घरी चला." गाडी फाटकातून गेली. मी तिथेच उभी. मला काहीच करता आलं नाही. काहीच नाही.

सोमवार, २२ डिसेंबर

मुली गेल्या. वसतिगृह रिकामं. तिचा फोन बंद, वडील उचलत नाहीत. मी दिवसातून चार वेळा पानाला बसते, शिस्तीत. भूक लागत नाही, पण बसते. ती कुठे बसली असेल, कोणासमोर, याशिवाय डोक्यात काही नाही.

बुधवार, २४ डिसेंबर

चैतालीने गावाहून फोटो पाठवला. उत्कर्षाच्या चुलत बहिणीने टाकलेला. साडी नेसून, हातात चहाचा ट्रे. खाली लिहिलंय, 'आमची सुंदरी'. दंडावरचं ब्लाउज शिवून घट्ट केलंय, ते मला ओळखता येतं. लोकांनी लाल बदाम टाकलेत शेकड्याने.

मी सिस्टरांना फोटो दाखवला. उद्या त्यांचा नाताळ. वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस. त्या म्हणाल्या, "सकाळची मिस्सा-प्रार्थना झाली की निघू."

गुरुवार, २५ डिसेंबर

इस्पितळात लिहितेय, औषधाच्या पावतीच्या मागे. वहीत नंतर उतरवीन.

वाघोलीला पोचलो तर बंगल्याला रंग दिलेला, दारात नवी गाडी. मच्छिंद्ररावांनी पेढ्यांचा डबा पुढे केला. "पसंत हाय पोरगी! अशीच राहा म्हणाले, लग्नापर्यंत."

मी पेढा घेतला नाही. म्हटलं, लग्नापर्यंत ती राहणार नाही. मला गोल गोल बोलता येत नाही आणि आज आलंही नसतं. ते भडकले. घरात येऊन अभद्र बोलता म्हणाले. सिस्टर मध्ये पडल्या, "भाऊ, आज माझा सण सोडून आलेय. लेकराला एकदा दाखवा डॉक्टरला. पाया पडते तुमच्या." आणि खरंच वाकल्या, पांढऱ्या झग्यानिशी, त्या संगमरवरी फरशीवर. ते दोन पावलं मागे सरकले, पण म्हणाले, "आज नको. पाहुणे परत यायचेत संध्याकाळी."

तेव्हा आतून तिची आई आली, शकूताई. इतका वेळ दाराआडून ऐकत होत्या. त्या नवऱ्याशी बोलल्याच नाहीत, माझ्याशी बोलल्या. "मॅडम, गादीखाली चपात्या घावल्या. चार दिवसांच्या. मला वाटलं पोरीला प्रेमाचं काय असंल, म्हून जेवत न्हाय. कुणाला बोलले न्हाय मी." मग पायात चपला सरकवल्या. "कुठला दवाखाना?"

"अगं, पाहुणे..."

"फोन करा त्यांना. म्हणावं पोरगी आजारी हाय."

"सोयरीक मोडंल!"

"मोडू द्या."

उत्कर्षा जिन्यात बसली होती, स्वेटर घालून. 'नको' म्हणाली, पण कठडा धरण्याएवढीही ताकद नव्हती. शकूताईंनी तिला उचललं. एकोणीस वर्षांच्या मुलीला, एकटीने, झोपलेल्या पोराला उचलावं तसं. उचलल्यावर त्या एकदम थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. वजन त्यांना तेव्हा कळलं. मच्छिंद्ररावांनीही ते बघितलं. गाडीची किल्ली त्यांनीच आणली.

इथल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत. नाडी बघितली, हृदयाचा आलेख काढला आणि त्यांनी आवाज चढवून आणखी दोघांना बोलावलं. सुया, बाटल्या. हृदय दमलंय म्हणाल्या, आज-उद्याचे दोन दिवस काही सांगता येत नाही. मग विचारलं, "जेवण कधीपासून सुटलंय?"

मी म्हटलं, आगमनकाळ लागल्यापासून, म्हणजे महिनाभर.

शकूताई म्हणाल्या, "न्हाय, दिवाळीला आली तवापास्नं."

उत्कर्षा डोळे मिटून पडली होती. आम्हाला वाटलं, झोपलीय. ती म्हणाली, "आठवीपासून."

डॉक्टरीणबाई वाकून म्हणाल्या, "कोणाला सांगितलं नाहीस?"

"विचारलंच नाही कोणी. बारीक झाले की सगळे छान म्हणायचे."

मच्छिंद्रराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शकूताईंनी तिच्या पायांवरची चादर सारखी केली, पुन्हा सारखी केली. मी काय केलं, आठवत नाही.

मग तिला आत नेलं आणि काचेचं दार बंद झालं. आम्ही तिघी बाहेरच्या बाकावर बसलोय. सिस्टर चहा बघायला जाऊन आल्या. नाताळ म्हणून कँटीन बंद आहे.